मार्गारेटबाईंची खिचडी

कोंडाणे, ता. कर्जत
रविवार, १२ ऑक्टोबर

चि. रिया,
आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. हळवं भात कापायला आलंय. लेणी बघायला आज पोरांची झुंबड होती, एक दीडशहाणा तर बुटांसकट आपल्या पडवीत शिरला. अंगणवाडीत नव्या सतरंज्या आल्या. संतोषमामा कडावहून तुला सुकट पाठवायची म्हणत होता. मी म्हटलं, "आरं, वास सुटला तर स्कॉटलंडवाले पोरीला भाईर काढतील!"

पत्र कसलं, म्हणशील. फोनवर आधी तू रडतेस, मग मी रडते, मग रेंज जाते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

परवा तू विचारलंस, "आई, माझं काय चुकलं?" शिक्षणाचा भाग म्हणून तू ज्या म्हाताऱ्या माणसांच्या सेंटरवर कामाला जातेस, तिथे तुझ्याशेजारी विणत बसणाऱ्या त्या मार्गारेटबाई. त्यांचा नवरा गेला. दुसऱ्या दिवशी तू न सांगता खिचडीचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेलीस, संध्याकाळपर्यंत बसलीस, भांडी घासलीस, वर घास भरवायला गेलीस. त्यांनी सेंटरच्या ऑफिसात फोन केला, या मुलीला पुन्हा पाठवू नका. आता गुरुवारी तिथल्या मॅडमनी बोलावलंय, आणि तू म्हणतेस त्याआधीच सगळं सोडून घरी येते.

मी फाडकन म्हटलं, "तुजं काय चुकलं नाय. दगडाच्या काळजाची बाई ती! ये निघून." आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाकरी न्यायची, बसायचं. यात विचारायचं काय असतं?

पण फोन ठेवल्यावर माझं चित्त थाऱ्यावर राहिना. काल अंगणवाडीत पोरांना गाणं शिकवताना मीच ओळी विसरले.

रिया, तुझे बाबा गेले तेव्हाचं सांगते. हे मी कुणापाशी बोललेले नाही. घर माणसांनी भरलं होतं. दारात डबे घ्यायला तूच उभी होतीस. सगळ्यांचा जीव होता आपल्यावर, नाही म्हणत नाही. पण मला फक्त एकदा त्यांच्या खाटेवर एकटीनं बसायचं होतं गं. त्यांच्या उशीला अजून डोक्याच्या तेलाचा वास होता. शेजारच्या भागूबाईनं मायेनं पहिल्याच दिवशी घर आवरलं आणि तो अभ्रा धुऊन टाकला. "तू बस गं बाय, मी करते सगलं," म्हणाली. तिला काय बोलणार? बिचारीनं चांगलंच केलं होतं. पण तो वास गेला तो गेलाच. अजून मला त्याचं वाईट वाटतं.

तू घासलेल्या भांड्यांत त्या म्हाताऱ्याचा चहाचा कप होता का? आठवून बघ.

म्हणजे ती बाई काही दगडाची नाही. मला जे तोंड उघडून सांगता आलं नाही, ते तिनं सांगितलं, एवढंच. आणि तूही वाईट नाहीस, बाळा. माझीच पोर तू, माया आली की दार ढकलून आत शिरतेस.

गुरुवारी जा. रडगाणं नको. सरळ सांग, आमच्याकडे असं करतात, इथे आधी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. मार्गारेटबाईंना चिठ्ठी लिहायची परवानगी माग. त्यांना बोलवावंसं वाटलं तर त्या बोलावतील. नाही बोलावलं तर तेही त्यांच्यापाशी राहू दे.

आता माझं भांडण. मी एकटी पडेन म्हणून तू जाण्याआधी आळीतल्या सोनुबाईला रोज माझ्याकडे झोपायला यायला सांगून ठेवलंस. मला विचारलंस? ती माझी उशी घेते आणि असली घोरते की पत्रे हालतात. तुझी माया म्हणून मी गप्प बसले. यापुढे विचारायचं. मी "आसू दे" असंच म्हणेन, पण विचारायचं.

आणि सोनुबाई असूनही घर खायला उठतं, हे आता लिहूनच टाकते. एकटीपुरता भात टाकायला हात बसत नाही, रोज उरतो. "ये निघून" म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं, रिया. माझ्यासाठी होतं. तिकडे तू हुंदके देत होतीस आणि इकडे मला मनातून आनंद झाला होता, पोर घरी येणार म्हणून. कसली मी आई!

तेव्हा माझा तो शब्द मी मागे घेते. शिक्षण पुरं करून डिसेंबरात ये. त्याआधी आलीस तर दार उघडणार नाही, असं लिहिणार होते. पण मी उघडीन, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच येऊ नकोस.

ये म्हणायला आसुसलेली,
तुझी आई
उज्वला