वेगळा खिळा

तलासरी, मे २०१७

वहिनी,

'सप्रेम नमस्कार' लिहायला हात वळत नाही.

संगिताच्या हळदीला मी सख्खी आत्या म्हणून पुढे झाले, तर भर मांडवात तू माझा हात धरलास. "तू नको लावू, पोरीला लागेल तुझं." माझ्या भुवयांवरच्या खपल्या सगळ्यांनी वळून पाहिल्या. मी माहेरी आले की माझा टॉवेल तू वेगळ्या खिळ्याला टांगायचीस. वर कोंड्यावर उपाय म्हणून माझ्या डोक्यावर तेल थापायचीस, आणि त्यानेच कोंडा नि खपल्या वाढायच्या. डहाणूच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे कुणाचं कुणाला लागत नाही. तेल बंद कर, औषधाचा शाम्पू पाच मिनिटं ठेवून धू. पुन्हा उठेल, पुन्हा लाव.

काल तुझा फोन आला. तुझ्या दीपेशच्या भुवयांवर तसंच उठलंय, शाम्पूचं नाव सांग म्हणालीस. हळदीबद्दल अवाक्षर नाही. मी नाव सांगितलं, तेल लावू नकोस हेही सांगितलं. एक गोष्ट तेवढी तोंडातून निघाली नाही. तुला वाचता येत नाही, पत्र दादा वाचून दाखवेल, आणि मांडवात तोही गप्प उभा होता. म्हणून हे पाठवणार नाही.

पोराचा टॉवेल त्या खिळ्याला टांगू नकोस.

तुझी नणंद,
कमळी