दुसऱ्या गोधडीबद्दल आत्याकडे तक्रार

ती. गोजरआत्यास,

हिमाचलातल्या बद्दीहून सुयोगचा नमस्कार. समोर असतीस तर आधी तुझे पाय धरले असते की कान, ते आत्ता सांगता येत नाही, म्हणून लांबूनच करतो. गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं असं गावाहून इथे कामावर परत आलेला हरिचंद्र म्हणाला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाथादादाची गोधडी तू ऑपरेशनवाल्या डोळ्याने शिवलीस आणि माझी दुसऱ्या.

फोन का नाही केला म्हणशील, तर फोन दादाचा. तो स्पीकर लावून शेजारी बसतो आणि मी जरा तोंड उघडलं की तू 'हं, हं, जेवलास का' करतेस. तू चौथी शिकलेली, मी नववी नापास, दोघांचं मिळून एक पत्र व्हायला हरकत नाही.

आई गेली तेव्हा ठरलं काय होतं? तूच म्हणालीस, वेणूवहिनीच्या साड्यांच्या गोधड्या करते, दोन पोरं, दोन गोधड्या. (मी रडत होतो, पण कान चालू होते.) दादा म्हणाला, मी मोठा, माझी आधी. आधी म्हणजे सगळीच, हे मला कुठं ठाऊक. आईची जांभळी, लग्नातली पिवळी, आणि ती हिरवी बारीक काठाची, जी नेसून ती मला शाळेत सोडायला यायची आणि मी मागच्या गल्लीतून तिच्या आधी घरी पोचायचो, सगळ्या त्याच्याच गोधडीत. बरं, त्याने पांघरली असती तर गप बसलो असतो. त्याने ती वांगणीच्या फार्महाउसवाल्या साहेबाला भेट दिली, आणि साहेबाने भिंतीवर टांगली. आईने जन्मभर कधी निवांत भिंतीला पाठ टेकली नाही आत्या, आणि आता तिला टांगून वर दिवा सोडलाय. शनिवार-रविवार पाहुणे येतात, फोटो काढतात आणि वॉव म्हणतात.

मग तुझ्या मनाला लागलं असणार, म्हणून उरल्यासुरल्याची माझी केलीस. त्यात काय काय आहे ते मी इथे रविवारी उन्हात बसून बघितलं. दादाच्या एमआयडीसीतल्या युनिफॉर्मच्या कॉलरी. कुणाच्या तरी पायजम्याच्या नेफ्याची पट्टी, नाडी ओवायच्या भोकासकट. माझी शाळेची खाकी चड्डी (कापड एकदम नवं, मी बाकावर बसलो कुठं). तरी कमी पडलं म्हणून उल्हासनगरच्या जीन्सची चिंधी, जी किलोवर मिळते. तिला एक खिसा तसाच राहिलाय. त्यात मी मोबाइल ठेवतो, या गोधडीचा एवढाच उपयोग.

आणि आईचा एक तुकडा नाही. चिंध्यांत पण नाही. आत्या, साडी फाडली की काही ना काही उरतंच, हे मला शिवण येत नाही तरी कळतं.

आता मुख्य तक्रार. ही गोधडी वाजते. कूस बदलली की कुरकुर, पाय ओढला की कुरकुर. रूमवर आम्ही सहाजण, दिवसभर कंपनीत औषधाच्या गोळ्यांच्या खोक्यांवर स्टिकर मारून आलेले. गोरखपूरवाला म्हणतो, 'भाई, तू सोता है या पापड तलता है?' मी म्हटलं, नवीन आहे, बसेल. बसली नाही.

हरिचंद्रने गोधडी दिली तेव्हा तुझा निरोपही दिला होता, की लाल दोऱ्याचं टोक डोक्याशी घे. मला अशी चीड आली. चौकोनी गोधडीला कसलं डोकं आणि कसले पाय? मी ते टोक मुद्दाम पायाशी घेतलं. तिथेच उंदीर आला. येणारच. गोधडीचं शेवटचं टोक शिवताना आत भाकरीचा तुकडा ठेवतात, पांघरणारा उपाशी झोपू नये म्हणून, हे मला माहीत आहे. पण नखाएवढा ठेवतात आत्या. तू चांगली चतकोर ठेवलीस, वर गूळ-तूप, सांडलेल्या चुऱ्यावरून कळलं. (हरिचंद्र अंबरनाथला ब्लॉकमध्ये वाढलेला, त्याला हे सांगितलं तर म्हणाला, मग लोणचं पण ठेवायचं.) मी उपाशी झोपलोच, उंदीर तेवढा जेवला.

आणि त्याने पाडलेल्या भोकातून सकाळी बघतो तर दादा. डोळा, मिशी आणि जोडलेले हात. त्याच्या वाढदिवसाला पोरांनी नाक्यावर लावलेला फ्लेक्स, 'कुळगावचा आपला माणूस', तो तुम्ही अस्तर म्हणून आत घातलाय. ही आयडिया तुझी नाही, त्याचीच. 'तिकडे थंडी असते, प्लास्टिक बरं,' असंच म्हणाला असेल. म्हणजे सबंध हिवाळा मी त्याला उराशी धरून झोपलो. गोरखपूरवाल्याने सगळ्यांना हाक मारून दाखवलं, 'अरे देखो, इसके कंबल में नेता है.'

तर आता असं करतो. होळीला हरिचंद्र गावी येतोय, त्याच्याबरोबर ही गोधडी परत पाठवतो. उसव, जाळ, पायपुसणी कर. मला दुसरी नको. त्या साहेबाच्या भिंतीवरून हिरव्याचा वीतभर तुकडा काप आणि तो दे. चोरी म्हणतील तर माझं नाव सांग.

तुझा उरलेला भाचा,
सुयोग

ता. क. पत्र टाकायला सुट्टी मिळाली नाही, म्हणून हे खाली लिहितो. गोधडी पाठवण्याआधी तो फ्लेक्स ओढून काढला. संडासाच्या खिडकीला काच नव्हती, तिथे लावलाय, तोंड आतल्या बाजूला. दादाला सांग, इथे रोज सगळे दर्शन घेतात.

दुसरं ता. क. फ्लेक्स काढताना लाल दोऱ्याचं टोक पुरतं उसवलं. भाकरी तू हिरव्यात गुंडाळली होतीस. सांगायचं होतंस ना. अर्धा तुकडा उंदराने नेला. उरला तो तळहाताएवढा आहे, काठासकट.

गोधडी पाठवत नाही. हरिचंद्रजवळ तोच लाल दोरा आणि दाभण दे, टोक मीच शिवतो. भाकरी देऊ नकोस. आणि वरचं पत्र दादाला मोठ्याने वाचून दाखव, त्याला वाटू दे मी अजून चिडलोय. तसा आहेच. कागदाची ही शेवटची पट्टी मात्र फाडून चुलीत घाल. तळहाताएवढं शिल्लक आहे हे कळलं, तर तेही कुणाला तरी भेट देईल.