बाईंच्या नावाचा तुडतुडा

बाई, तुमचा तुडतुडा नवा निघाला.

पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, कारण तुम्हाला प्रस्तावना आवडत नसे. प्रॅक्टिकलच्या वहीत कुणी निसर्गाच्या थोरवीबद्दल चार ओळी लिहिल्या की तुम्ही त्यावर आडवी रेघ मारायचात आणि समासात लिहायचात, 'किड्याबद्दल लिही.' तर किड्याबद्दल. पाटणच्या वरच्या डोंगरात अंजनीच्या झाडावर तुम्ही आम्हाला दाखवलेला तो हिरवा, कपाळावर तांबडी रेघ असलेला तुडतुडा आजवर कुणीच नोंदवलेला नव्हता. त्याचं शास्त्रीय वर्णन मी लिहिलं आणि ते गेल्या महिन्यात छापून आलं. तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं होतील आता. मी विश्रामबागेतल्या आपल्याच कॉलेजात, आपल्याच विभागात, तुमच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून हे लिहितेय. दुपारचे तीन वाजलेत. प्रॅक्टिकलच्या मुली हात धुऊन गेल्यात आणि सिंकजवळ नेहमीसारखं तळं झालंय.

उंब्रजच्या अलीकडच्या खेड्यातून मी इथे आले तेव्हा तुमच्याबद्दल पहिली गोष्ट ऐकली ती हसण्यावारी नेली. वरच्या वर्गातल्या मुली म्हणाल्या, "आपल्या बाई किड्यांचा विषय शिकवतात, पण मुंगी मारत न्हाईत." ते खरंच होतं. झुरळाच्या विच्छेदनाच्या दिवशी शिपाईमामा आतल्या खोलीत झुरळं बेशुद्ध करायचे आणि तेवढा वेळ तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभ्या असायचात. मग ट्रे बाहेर आले की वळायचात आणि एकदम कडक व्हायचात. पहिल्याच प्रॅक्टिकलला झुरळाचं पोट कापायचं सोडून मी मैत्रिणीशी कुजबुजत होते. तुम्ही माझ्यामागे येऊन उभ्या राहिलात. "हे तुझ्यासाठी मेलंय," तुम्ही म्हणालात. "आता नीट बघ. बघितलं नाहीस तर ते फुकट गेलं." तुम्ही आवाजसुद्धा चढवला नव्हता. पण त्या दिवशी मी झुरळाच्या मज्जातंतूंची दोरी शेवटच्या टोकापर्यंत मोकळी करून दाखवली आणि तुम्ही माझ्या वहीवर सही करताना 'बरं आहे' म्हणालात. तुमच्याकडून 'बरं आहे' मिळणं म्हणजे काय असतं ते वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं.

होस्टेलचं जेवण मला सोसत नव्हतं म्हणून तुम्ही मला मिरजेला घरी न्यायला लागलात. त्या स्वयंपाकघराचा मला अजून वास येतो, भाजलेल्या ज्वारीचा आणि उकळून निववलेल्या पाण्याचा. दिवस मावळायच्या आत ताटं उचललेली असायची. नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं असायचं. तुमच्या आई, सगळे त्यांना अव्वा म्हणायचे, चुलीशेजारी पाटावर बसून गहू निवडायच्या. गव्हात किडा दिसला की तो बोटावर घ्यायच्या, मूठभर पीठ घेऊन उठायच्या आणि दोन्ही परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ठेवून यायच्या. किडा उपाशी राहू नये म्हणून पीठ. मी त्यांच्याकडे बघत बसायची. एकदा त्यांनी मला विचारलं, "व्हय गं पोरी, आमच्या लेकीला सरकार किडं बघायचा पगार देतंय म्हणं?" मी म्हटलं, "व्हय की अव्वा." त्या म्हणाल्या, "मग बघू दे. बघून कुनाचं काय वाईट हुतंय?" तुम्ही भाकरी थापत होतात. मान वर न करता हसलात. तुमच्या घरात तुमच्या विषयाबद्दल झालेला तो सगळा वाद, बाई, तेवढाच असावा. बाकीचा तुम्ही मनातल्या मनात केला असणार, खिडकीकडे तोंड करून.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकीला कीटकांचा संग्रह करून आणायचा होता. मला वाटलं, आपण शेतकऱ्याची पोर, आपलं काम सगळ्यात भारी होणार. दिवाळीत घरी गेले आणि आमच्या उसातून पाकोळ्या गोळा केल्या. उसाच्या पानाला हात लावला की भुर्रकन उडणाऱ्या त्या पिवळट, चोचीच्या पाकोळ्या, उसाचा रस शोषणारे तुडतुडेच ते. औषधाचा बोळा घातलेल्या बाटलीत मी त्या ओंजळीनं भरल्या. थर्मोकोलच्या पेटीत ओळीनं टाचल्या, बेचाळीस. तुम्ही पेटी उघडलीत, बराच वेळ बघितलीत आणि विचारलंत, "पाकोळीला चोच कशाला असते?" मला सांगता आलं नाही. "शिंगं, म्हणजे स्पर्शिका, कुठे असतात, डोळ्याच्या वर की खाली?" तेही नाही. तुम्ही पेटी बंद केलीत. "एक पुरली असती," तुम्ही म्हणालात. "त्या एकीकडेच तास दोन तास बघत बसली असतीस तर सगळं कळलं असतं. बेचाळीस मारल्यास आणि एक बघितली नाहीस." वर्गासमोर मला रडू आलं. तुम्ही मला रडू दिलंत, पण सुट्टीच्या वेळी तुमचं भिंग माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "शिंगं डोळ्याच्या खाली असतात. बघून घे." मी बघितलं. डोळ्याच्या खाली, भिंगातून मोहरीएवढ्या दिसणाऱ्या गाठीवर एक केस. तुडतुड्यांच्या त्या सगळ्या कुळाची हीच खूण असते, हे मी त्या दिवशी शिकले ते आजतागायत शिकवतेय.

आणि मग ती डोंगरातली सहल. पाऊस संपून आठवडा झाला असेल. आम्ही मुली खडकावर बसून डबे सोडत होतो. अंजनीच्या पानामागे मला पांढरं काही दिसलं. रुईच्या बोंडातून उडते ती म्हातारी अडकलीय असं वाटून मी फुंकर मारली, आणि म्हातारीनं टुणकन उडी मारली. मी किंचाळले. तुम्ही डबा तसाच ठेवून आलात. ते तुडतुड्याचं पिल्लू होतं. पाठीमागे मेणाच्या तंतूंचा पिसारा, श्वास लागला तरी हलेल इतका हलका. त्याच पानावर मोठा तुडतुडा बसलेला होता, कोवळ्या वाटाण्यासारखा हिरवा, कपाळावर तांबडी रेघ. तुम्ही वही काढलीत आणि दोघांचं चित्र काढायला झाडासमोर मांडी घातलीत. दीड तास. बाकीच्या मुली कंटाळून झऱ्याकडे गेल्या. मी तुमच्याशेजारी बसून रंगपेन्सिली पुढे करत होते. तुम्ही हिरवा रंग चार वेळा बदललात. तुमचं चित्र पुरं होत आलं तेव्हा माझा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेला. तुम्ही न बघताच म्हणालात, "राहू दे." मी म्हटलं, "बाई, पण नवा असला तर?" तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं त्याला काय म्हणावं ते मला त्या वयात कळलं नव्हतं. आज कळतं. तुम्हालाही तो हवा होता, बाई. खूप हवा होता. "मी कुणाला नको म्हणत नाही," तुम्ही म्हणालात, "पण आज माझ्यासमोर राहू दे." तेवढ्यात तुडतुडा उडाला आणि प्रश्न मिटला.

चित्र तुम्ही पुण्याच्या एका जाणकारांना पाठवलंत. महिन्यानं चित्रासह त्यांचं उत्तर आलं आणि तुम्ही ते मला वाचायला दिलंत. चित्र उत्तम आहे, पण नमुना नसल्यामुळे काहीच सांगता येत नाही, पुढच्या वेळी नमुना पाठवावा. मला त्या माणसाचा राग आला. तुम्हाला नाही आला. "बरोबर आहे त्यांचं," म्हणालात आणि पत्र वहीतच ठेवून दिलंत. पुढची वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत. मी शिकून इथे नोकरीला लागले तेव्हा तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही ती वही माझ्याकडे दिलीत. "मला आता हिरवा आणि पिवळा सारखाच दिसतो. तू बघ," एवढंच बोललात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी मात्र वही कपाटात ठेवली आणि वर्षानुवर्षं पेपर तपासत बसले. हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे संशोधनाला आलेली एक मुलगी कपाट लावताना वही घेऊन आली. "मॅडम, हा कुठला तुडतुडा?" तिनं विचारलं. मी सांगितलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग आपण बघायला का नाही गेलो?" त्याच शनिवारी आम्ही डोंगरावर गेलो. एकदा गेलो, तीनदा गेलो, पावसाळा संपताना पुन्हा गेलो. झरा तिथेच आहे, खडकापर्यंत आता डांबरी रस्ता आलाय. रस्त्याच्या वरच्या अंगाला अंजनीची आठ-दहा झाडं राहिलीत. पाचव्या खेपेला त्या मुलीनं मला हाक मारली नाही, नुसती माझी ओढणी ओढली. पानावर तो बसला होता. वाटाण्यासारखा हिरवा. मी भिंगातून तांबडी रेघ बघितली आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, त्यामुळे पुढचं काही बघता आलं नाही.

मग मी बाटली काढली. बाई, हे मी लपवणार नाही. आधी आम्ही दोघींनी सकाळपासून दुपारपर्यंत बसून बघितलं, तो कुठल्या शिरेवर चोच लावतो, कसा आडवा चालतो, वारा आला की पानाच्या कुठल्या बाजूला जातो. त्यानंतर पाच घेतले, तीन नर आणि दोन माद्या. त्यांच्यावाचून ओळख पटत नाही. नराच्या पोटाचं टोक उघडून आतले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, ते प्रत्येक जातीत वेगळे असतात, कुलूप कुठल्या किल्लीचं ते तिथे कळतं. ते मी माझ्या हातानं केलं, त्या मुलीला करू दिलं नाही. जगभरचे जुने लेख काढून ताडून बघितलं, परदेशातल्या दोघा तज्ज्ञांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर आलं. नवा आहे.

पण तोवर पेटीतले पाचही तुडतुडे गवतासारखे पिवळे पडले होते. मेल्यावर त्यांचा हिरवा टिकत नाही. तांबडी रेघ विटून तपकिरी झाली. डोंगरावर दिसलेल्या एकमेव पिल्लाच्या पिसाऱ्याची तर पानावरच, बोट लागताच भुकटी झाली, त्याचा फोटोही धड आला नाही. मोठ्यांच्या फोटोंत हिरव्या पानावर नुसता हिरवा ठिपका आला होता. जिवंतपणी हा प्राणी कसा दिसतो हे दाखवायला माझ्याकडे तुमच्या चित्राखेरीज काही नव्हतं. मी ते लेखात पहिलं चित्र म्हणून घातलं. छापण्याआधी लेख तपासणाऱ्यानं शेरा मारला, जुन्या पेन्सिलचित्राची गरज काय, काढून टाकावं. मी आयुष्यात कुणाशी भांडले नाही तशी त्याच्याशी भांडले. तीन पानं लिहिली. हा रंग कुठल्याही पेटीत सापडणार नाही, पिसाऱ्याचे तंतू किती ते फक्त या चित्रात मोजता येतात, आणि ज्यांनी ते काढलं त्यांनी दीड तास त्या किड्याला हातसुद्धा लावला नव्हता. दोन महिन्यांनी उत्तर आलं, चित्र ठेवावं. तुमचं चित्र छापलंय, बाई. चारही हिरव्यांसकट.

त्याआधी, लेख पाठवायच्या वेळी, नावाचं मात्र माझं धाडस होईना. तुमचं नाव द्यायचं मी केव्हाच ठरवलं होतं, पण ते कायमचं एका टाचलेल्या किड्याखालच्या चिठ्ठीवर जाणार होतं. तुम्हाला विचारता येत नव्हतं म्हणून मी मिरजेला आप्पांकडे गेले. तुमचे धाकटे भाऊ आता काठी घेऊन चालतात, पण शेतावर रोज जातात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "आक्काचं नाव मेलेल्याला देनार का जित्याला?"

मी म्हटलं, "आप्पा, पाच मेले, त्यांच्यावरून ओळख ठरली. नाव सगळ्या जातीला लागतं. डोंगरावर आत्ता जे उड्या मारतायत त्यांनासुद्धा."

"म्हंजी तिकडं लय असतील?"

"असतील. झाडं राहिली तर राहतील."

ते थोडा वेळ काठीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत बसले. "मारलं कुनी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आक्कानं न्हाई मारलं."

"नाही आप्पा. त्यांनी कधीच नाही."

"मग दे. पाप तुझं, नाव तिचं," आप्पा म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मग आत वळून सुनेला हाक मारली, "आगं ए, पोरगी जेवून जाईल. लवकर वाढ, दिस बुडायला आलाय." त्यांच्या लेखी मी अजून पोरगीच आहे. मी पोटभर जेवले. बाईमाणसाच्या नावावरून नाव ठेवलं की शेवटी लॅटिनची दोन अक्षरं जोडतात, ती जोडून मी दुसऱ्या दिवशी लेख पाठवून दिला.

परवा कॉलेजात छोटा कार्यक्रम झाला. तुमचं चित्र मोठं करून पडद्यावर दाखवलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "आज बाई असत्या तर त्यांना फार आनंद झाला असता." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत आप्पा बसले होते, तेवढे टाळी न वाजवता माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून मला चैन नाही. तुम्हाला आनंद झाला असता की तुम्ही पेटी बंद करून खिडकीकडे वळला असतात, हे मला खरंच ठाऊक नाही. इतकी वर्षं तुमच्याजवळ राहून ठाऊक नाही. छापलेल्या लेखाची प्रत मी आप्पांना दिली, एक लायब्ररीत ठेवली. हे पत्र कुणालाच देणार नाही. आनंद मला झाला होता, बाई. आयुष्यात कधी नव्हता एवढा. भर सभेत तसं म्हणायला लाज वाटली, म्हणून तो मी तुमच्या नावावर खपवला.