काही उचलता का?

३ मार्च, सोमवार

शेवटी गेलो. कमरेचा काटाच ढिला झाल्यावर न जाऊन सांगतो कुणाला! दुकानाचे मालक म्हणाले, "वाकून वाकून पार कमान झालीय तुझी. त्या हाडं कडकडवणाऱ्या बाईंकडे जा एकदा." कायरोप्रॅक्टर म्हणतात. मी मनातल्या मनात नाव ठेवलं — मणकेवाली.

वाटलं होतं, पालथं घालतील, कडाकडा मोडतील, सोडतील. कसलं काय! आधी नुसते प्रश्न. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत? हाडं ठिसूळ आहेत असं कुणी सांगितलंय? कधी हाड मोडलं होतं? कॅन्सर वगैरे? पायाला मुंग्या? लघवीला त्रास? नाही, नाही, नाही. काम काय करता? — चष्म्याची भिंगं घासतो, फ्रेममध्ये बसवतो.

"घरी जड काही उचलता का?"

"नाही."

पटकन आलं तोंडातून.

आता इथे लिहितो, इथे कोण बघतंय. दादाला उचलतो. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत. दुपारी जेवायच्या सुट्टीत एकदा. रात्री पुन्हा. त्याची डावी बाजू गेली तेव्हापासून. पण हे बाईंना सांगितलं की त्या म्हणणार, बंद करा. आणि ताईने तर केव्हाच बजावलंय — "तुझी पाठ गेली ना, की मी त्याला सरळ शुश्रूषा केंद्रात ठेवणार. दोघांना निस्तरायला मला जमायचं नाही." ताईचं चूकही नाही. तिच्या घराजवळच आहे ते केंद्र. पण दादा तिथे? ओळीने लावलेल्या पलंगांपैकी एका पलंगावर?

तेव्हा तोंडात मूग.

४ मार्च, मंगळवार

काल कड् कड् दोनदा आवाज झाला. मी घाबरलो! बाई हसल्या. "हाड नाही मोडलं हो. सांध्यातल्या पाण्यात हवेचे बुडबुडे असतात, त्यांचा आवाज. आवाज आला म्हणजे काम झालं असंही नाही, नाही आला म्हणजे फुकट गेलं असंही नाही." आणि म्हणाल्या, एकदोन दिवस अंग ठणकेल, त्याची काळजी नको. पण पाय बधिर झाला, ताकद गेली, चक्कर आली तर वाट बघत बसायचं नाही, कळवायचं. मान नको असेल तर नको म्हणायचं. मी लगेच म्हटलं, मान नको! त्यांनी हातही लावला नाही मानेला.

आज ठणकतंय. पण हलकंही वाटतंय.

५ मार्च, बुधवार

सकाळी दादाला उचललं. हलकेपणा संपला.

१० मार्च, सोमवार

दुसरी खेप. बाईंनी माझ्या कामाचा भलताच अभ्यास केलाय. स्टूल किती उंच हवं, कोपर कुठे टेकवायचं, मधूनमधून उठून काय करायचं. मालकांनी नवीन स्टूलसुद्धा आणून दिलं! आता दुकानात सगळ्यात ऐटीत मी बसतो. खुद्द मालक जुन्या खुर्चीवर.

पाठ तिथेच.

दादा विचारत होता, "काय म्हणते तुझी मणकेवाली?" जीभ जरा जड झालीय त्याची, पण तिखटपणा गेला नाही. जन्मभर नाक्यावरच्या वजनकाट्यावर मालट्रक तोलले, आता स्वतःच ट्रक झाला असं सांगतो आल्यागेल्याला. मी काखेत हात घातले की म्हणतो, "बाजूला व्हा, गाडी निघाली!" मलाही हसू येतं, आणि हसलं की कळ येते.

१४ मार्च, शुक्रवार

दमलो. लिहायला काही नाही.

१७ मार्च, सोमवार

बाईंनी आज हात पुसले आणि समोर बसल्या. "तीनदा आलात. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा मूळपदावर. काही फरक पडत नसेल तर मी उगीच बोलावत राहणार नाही. माझ्या हातून काही सुटतंय, नाहीतर तुम्ही सांगायचं राहतंय."

मी स्टुलाबद्दल बोलत राहिलो. त्या ऐकत राहिल्या. लाज वाटली, खरंच.

१९ मार्च, बुधवार

मोरीत गुडघा दुमडला. आपोआप! डावा पाय आहे की नाही तेच कळेना. दादा अर्धा माझ्या अंगावर, अर्धा भिंतीवर, असे दोघे खाली बसलो. त्याला लागलं नाही. देवाची कृपा. तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प झाला.

शेजारच्या दोघांना हाका मारल्या. त्यांनी त्याला पलंगावर नेऊन ठेवलं. दिवसभर पायाची बोटं बधिर.

२० मार्च, गुरुवार

सांगून टाकलं सगळं. किती वेळा उचलतो, कसं उचलतो, मोरी किती अरुंद आहे.

बाई चिडतील वाटलं. चिडल्या नाहीत. पाय उचलायला लावला, टाचेवर चालवलं, बोटांना टोचून बघितलं. मग म्हणाल्या, "आज मी पाठीला हात लावणार नाही. आधी हॉस्पिटल, आधी स्कॅन. लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधे बधिर वाटलं तर रात्रीबेरात्रीसुद्धा तिथेच जायचं, माझ्याकडे नाही." चिठ्ठी लिहून दिली.

"आणि उचलणं बंद. पहिल्या दिवशी कळलं असतं तर पहिल्या दिवशी हेच सांगितलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाल्या, "घरी दुसरं कोण आहे?" कोणी नाही. ताईला कळवाल का, मीच घाबरत विचारलं. "तुम्ही इथे जे बोलता ते इथेच राहतं. तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगत नाही."

घरी दादाला म्हटलं, काही नाही, व्यायाम बदलून दिलेत. "असं होय," म्हणाला.

२२ मार्च, शनिवार

स्कॅनमध्ये दिसलं, मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबलीय. ऑपरेशन लगेच नको म्हणाले. आराम, गोळ्या, वजन उचलायचं नाही. शेजारचे दोघे सकाळ-संध्याकाळ येतात. भली माणसं. पण त्यांची तरी किती दिवस मनधरणी करणार? दुपारी दादा तसाच पडून. पाणी कमी पितो, मोरीत जावं लागू नये म्हणून. मला दिसत नाही असं वाटतं त्याला.

२५ मार्च, मंगळवार

दारात ताई! हातात रिकामी बॅग. कुणी सांगितलं? मणकेवाली? शेजारी?

"मीच फोन केला," दादा पलंगावरून म्हणाला.

मी ओरडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर ओरडलो. मी विचारलं होतं का तुला? मी तक्रार केली होती? कुणाला विचारून ठरवलंस? ताई मधे पडायला गेली तर तिलाही बोललो. दादाने माझं संपू दिलं.

मग म्हणाला, "अठ्ठ्याण्णव किलो आहे मी. पुलावर जादा माल चढवायचा नसतो. मी किती गाड्या परत पाठवल्यात, तुला माहीत आहे."

मी त्याच्या उशाशी बसलो. तो उजव्या हाताने माझ्या कमरेवर थोपटत राहिला, अगदी हळू, दुखू नये असं.

२७ मार्च, गुरुवार

नेलं.

३१ मार्च, सोमवार

मोरीत दादाला बसवायची फळी तशीच आहे. काढवत नाही. ताईचा फोन — जेवतो, झोपतो, तिथल्या लोकांना ट्रकच्या गोष्टी सांगतो. रविवारी भेटायला जायचं.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी उठून बसलो. मग उभा राहिलो. वाकून बघितलं. पाठ दुखत नाही! जरासुद्धा नाही.

कुणाला सांगू?