गोपनीय, फक्त वकिलांसाठी

५ जुलै, शनिवार
गोपनीय. फक्त वकिलांसाठी.
वैजनाथकाका, म्हणजे बाबांचे मित्र आणि माझे वकील, म्हणाले, केयूर, केस चालू आहे तोवर टिपणं ठेवत जा. वकील-अशिलातलं बोलणं कोर्टालाही मागता येत नाही म्हणे. त्याला प्रिव्हिलेज म्हणतात. फार बरं वाटलं. लग्न झाल्यापासून माझं बोलणं इतकं सुरक्षित कधीच नव्हतं.
आता रोज लिहिणार. मनमोकळं.

११ जुलै, शुक्रवार
गोपनीय. मधले दिवस गडबडीत गेले.
स्वरदा आली. चौथीत आहे, एरवी आईकडे, म्हणजे कालिंदीकडे असते. शुक्रवारी रात्री माझ्याकडे, शनिवारी इथूनच डबा घेऊन शाळेत. अर्धा आठवडा माझ्याकडे राहू द्या, असा मी अर्ज केलाय. कालिंदीचं म्हणणं, याला चहासुद्धा धड येत नाही. निव्वळ आकस.

१२ जुलै, शनिवार, सकाळ
गोपनीय. डब्यासाठी पोहे भिजत घालून आंघोळीला गेलो. आलो तर लगदा. मुकुंदवाडी स्टेशनजवळ बद्रीनाथची पोह्यांची गाडी असते. तिथून आणले, वर घरची कोथिंबीर भुरभुरली. म्हणजे तसे घरचेच. कोणी केले, स्वरदाने विचारलं. बाबाने, म्हटलं.

२६ जुलै, शनिवार
गोपनीय. पुन्हा गाडी. बद्रीनाथ आता काही विचारत नाही, सरळ डब्यासाठी हात पुढे करतो. पुढच्या शनिवारी नक्की स्वतः करणार. कांदे आणून ठेवलेत.

२ ऑगस्ट, शनिवार
गोपनीय. कांद्यांना कोंब आलेत. गाडी.

५ ऑगस्ट, मंगळवार
गोपनीय. अ‍ॅफिडेव्हिट दिलं. काकांच्या मजकुरात एक वाक्य मी स्वतः घातलं: ‘मुलीचा डबा मी स्वहस्ते करतो, माझ्या डायरीत तशा नोंदी आहेत.’ वजनदार वाटलं. काका लग्नाला निघाले होते, त्यांनी पुन्हा वाचलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार
गोपनीय. कालिंदीच्या वकील सुलेखाताईंनी मागणी केली आणि समन्स आलं: डायरी हजर करा. घाबरलो नाही. प्रत्येक पानावर गोपनीय लिहिलंय.
काकांना फोन केला. म्हणाले, कसली डायरी? मला तर तू एक पान दाखवलं नाहीस. मी म्हटलं, दाखवली असती तर गोपनीय कशी राहिली असती? त्यावर काका म्हणाले, राजा, वकिलाला सांगितलेलं गोपनीय असतं, वकिलापासून लपवलेलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार
गोपनीय. तोडगा सापडला. गुलमंडीत सगळ्या डायरीची झेरॉक्स काढली (झेरॉक्सवाला उगीच हसत होता) आणि काकांच्या टेबलावर ठेवून आलो. आता वकिलाकडे आहे, म्हणजे प्रिव्हिलेज चालू.
संध्याकाळी काकांचा फोन. माझ्या टेबलावर ठेवल्यानं जुना कागद सोवळा होत नसतो म्हणाले. वाचून काढलंय बहुतेक. आवाज बसला होता.

९ सप्टेंबर, मंगळवार
गोपनीय.
जज मॅडम म्हणाल्या, डायरीचा दाखला तुम्हीच दिलात, आता तीच झाकता कशी येईल? सुलेखाताईंनी मोठ्याने वाचलं. ‘कांद्यांना कोंब आलेत’ला स्टेनोसुद्धा हसला. कालिंदी हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “लेकराशी पण खोटं बोललास?” तिने भांडायला हवं होतं. फार वाईट वाटलं.
अर्धा आठवडा नामंजूर. शुक्रवारची रात्रही गेली. आता फक्त रविवारी, दहा ते पाच. जेवण आई देईल.

१४ सप्टेंबर, रविवार
वर काही लिहीत नाही. सगळ्यांनी वाचलंय.
स्वरदा आली, आईने दिलेला डबा घेऊन. पोहे मी करत नव्हतो हे तिला आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. भाषण पाठ केलं होतं. समोर बसवून सुरुवातही केली, बाळा, शनिवारच्या डब्याचं एक सांगायचंय.
तिने डबा फ्रीजमध्ये ठेवला. चप्पल काढलीच नव्हती. म्हणाली, बाबा, तुझ्या हातचे पोहे खायचेत. चल ना गाडीवर.