परत आलेली तुळस

आये, तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, ते मी केव्हाच ओलांडलं. आता तू समोर आलीस तर माझ्या लेकीएवढी दिसशील. तरी लिहायला बसले की मी पुन्हा बिरवाडीच्या आपल्या परसात उकिडवी बसलेली असते आणि तू न्हाणीच्या पाण्याला केळीकडे वाट करून देत असतेस.

ती सगळी बाग त्या सांडपाण्यावरच जगली. कुंपणाला जास्वंद, तिच्या सावलीत अबोली, आणि डालडाच्या डब्यांत तू खोचलेल्या फांद्या. डब्यांना खालून भोकं बाबा पाडून द्यायचे. ते पोलादपूरच्या शाळेत मास्तर. तिथं कुणाच्या दारात चांगला गुलाब दिसला की त्याची फांदी मागून, ओल्या फडक्यात गुंडाळून संध्याकाळच्या एसटीनं घेऊन यायचे. आपल्याकडे रोपं विकत कोण घेतं? शेजारीण मागते, आपण फांदी मोडून देतो. पण कारखाने उभे राहायला लागले, घाटावरचे कामगार बिरवाडीत खोल्या घेऊन राहायला आले आणि त्यांच्या बायका आपल्या कुंपणाशी थांबू लागल्या. परक्या गावात फुकट मागायला त्यांना संकोच वाटायचा, म्हणून तू विकायला लागलीस. घर बाबांच्या पगारावर चालत होतं. हे तुझं हौसेचं होतं. रविवारी जेवणं उरकली की केसांत अबोली माळून, डबे पडवीत मांडून तू बसायचीस. आणि रोप घेऊन गेलेली बाई पुन्हा दिसली की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "पान फुटलं का गो?"

त्या बायकांतच ती आली. महाबळेश्वरच्या पलीकडची, नुकतं लग्न झालेली, नवरा पाळीवर गेला की खोलीत एकटी. मोगरा घ्यायला आली आणि दिवस मावळेपर्यंत बसली. मग दर रविवारी येऊ लागली. ती तुला ताई म्हणायची, तू तिला बाय म्हणायचीस. तिला दिवस गेले तेव्हा आईला सांगायच्या आधी तिनं तुला सांगितलं. आपल्या चुलीपाशी बसून ती तांदळाची गरम भाकरी खायची, तू तिच्यासाठी मिठात मुरवलेल्या कैऱ्या काढून ठेवायचीस. आपली बौद्धवाडी, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यावर ती कधी बोलली नाही, तूही नाही. पुढं तिनं तुळशीचं रोप मागितलं. आपल्याकडे तुळस पुजायची नव्हती, खोकल्याच्या काढ्यापुरती होती. पण तू त्यातलं सगळ्यात भरदार रोप तिला काढून दिलंस.

मग तिची सासू गावाहून आली. तुळस कुणाच्या घरची, असं तिनं विचारलं आणि हिनं खरं सांगून टाकलं.

ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. तुझी बाय कुंपणाबाहेरच उभी आहे. हातात उपटलेली तुळस, मुळांना त्यांच्या दारातली माती. नेहमीसारखी आत येत नाही. सासूबाई म्हणतात, दुसरीकडून आणू, एवढंच कसंबसं म्हणते. तू रोप हातात घेतेस, मुळांना ओला हात लावतेस. ती तरीही जात नाही. मग खाली बघत म्हणते, "ताई, मोगऱ्याचं मी नाही सांगितलं."

तू म्हणालीस, "नको सांगू, बाय. जगू दे त्याला."

संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा ते चपला घालून निघालेच होते. बाबासाहेबांनी याच महाडात पाण्याला हात घातला, आणि आपण आज गप्प बसायचं का, असं ते विचारत होते. तू दारात आडवी उभी राहिलीस. "तिला त्या घरात नांदायचा हाय," म्हणालीस, "तुमी बोलून याल. भोगंल ती." बाबा पायरीवर बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. तू तुळस पुन्हा लावलीस, सावली केलीस, पाणी घातलंस. ती धरली नाही.

त्यानंतरच्या रविवारी तू डबे मांडले नाहीस. कुणी आलं तर म्हणायचीस, आता रोपं तयार नाय. आम्ही बघत होतो, परसात रोपं दाटीनं उभी होती. ती बाळंतपणाला गावी गेल्याचं तुला दुसऱ्या भाडेकरणीकडून कळलं. तेव्हापासून मात्र तू वाट बघायला लागलीस. दुपारच्या एसटीचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. "बाळ दाखवायला येईल गो ती," असं मला सांगायचीस, जणू मीच नाही म्हणत होते.

पावसाळ्यात तुला कावीळ झाली. महाडच्या दवाखान्यात बाबा तुझ्या उशाशी बसून असायचे, मी डबा घेऊन यायचे. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. त्या डोळ्यांनीही तू दाराकडे बघायचीस. मग एका सकाळी तू कुणाकडेच बघेनाशी झालीस.

ती आली, आये. दिवाळीनंतर आली, मुलगी कडेवर घेऊन. या खेपेला कुंपणाशी थांबली नाही, सरळ आत, चुलीपर्यंत आली. "ताई कुठं आहेत?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तेरा-चौदा वर्षांची, घरात एकटी. आये नाही आता, एवढंच मला बोलता आलं. तिनं मुलगी माझ्या मांडीवर दिली आणि ती तुझ्या जागेवर जमिनीवर बसली. मग तिनं विचारलं, माझ्यावर रागावल्या होत्या का? मी म्हटलं, नाही, रोज वाट बघायची तुमची. राग होता असं म्हटलं असतं तर तिला सोसलं असतं, असं आता वाटतं. ती जी रडली, तसं आपल्या घरात तुझ्यासाठी कुणी रडलं नव्हतं. बाबा तर नाहीच. मीही नाही. जाताना पाणी मागून प्यायली. पुन्हा कधी दिसली नाही.

बाबा असते तर हे त्यांना वाचून दाखवलं असतं. आता हा कागद घडी करून कुठं ठेवायचा, तेही कळत नाही. आणि एक सांगते, आये. तुझं बोलणं मी इथं जसंच्या तसं लिहिलं खरं, पण तुझा आवाज मला आता आठवत नाही. ती सगळी वाक्यं मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.