भाग दोन, माझ्या हातचा

३ जानेवारी
निर्मात्याचा फोन. माझ्या सिनेमाचा भाग दोन करायचाय म्हणे. आढेवेढे घेतले. सिक्वेल या प्रकाराचीच मला किळस आहे. उष्टं ताट पुन्हा पुढे सारायचं आणि वर म्हणायचं, सावकाश जेवा. शी.
दुपारी हो म्हणालो.

८ जानेवारी
अभ्यास म्हणून लोकांचे नऊ सिक्वेल पाहिले. डोकं उठलं. पहिल्यात मेलेला हीरो दुसऱ्यात जुळा भाऊ म्हणून हजर. मिशीसुद्धा तीच. निष्कर्ष: पहिला सिनेमा माणूस पोटतिडकीने करतो, दुसरा पोट भरल्यावर. मी सुस्तावणार नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठून लिहायचं.

९ जानेवारी, सकाळी साडेनऊ
उठलो.

११ फेब्रुवारी
घरात कुरबुर. पहिला भाग बायकोने एडिट केला होता. म्हणजे मी काविळीने आडवा पडलेलो असताना हिने माझ्या पावणेतीन तासांच्या सिनेमाच्या पावणेदोन तासांच्या चिंध्या केल्या. शेवटी नायक दारात उभा राहून चार पानी भाषण करतो, ते सबंध उडवलं. नुसता बघत राहतो बिचारा. लोकांना नेमकं तेच आवडलं. सहा वर्षं प्रत्येक मुलाखतीत मला त्याला 'मौनाची भाषा' म्हणावं लागतंय.
आज सांगून टाकलं, भाग दोन मीच एडिट करणार. घर वेगळं, काम वेगळं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, मागच्या पोस्टरवर तिचं नाव नव्हतं, या वेळी नसेल त्याला निदान कारण तरी असेल. टोमणे मारायला वेळ बरा मिळतो.

२ एप्रिल
शूटिंग संपलं. भाषण या वेळी सात पानी. नायकाला पाठ होईना, म्हणून कागद धरून उभं केलं. कॅमेरामन म्हणाला, बॅटरी संपते पण भाषण संपत नाही. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१९ एप्रिल
एडिटिंग सुरू. एकही शॉट टाकवत नाही. नायक जिना चढतो, वर पोचतो, काहीतरी विसरलं म्हणून खाली येतो, पुन्हा चढतो. आठ मिनिटं. आयुष्य म्हणजे दुसरं काय असतं?
ही चहा ठेवून गेली. स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या वेळी रोज बिछान्याशी बसून सांगायची, आज काय काय काढलं. तेव्हा ऐकायला बरं वाटायचं. तापात काहीही बरं वाटतं.

३० एप्रिल
निर्मात्याने लांबी विचारली. तीन तास दहा मिनिटं. फोन कट झाला असं वाटलं, पण तो होता. पंधरा मेला चाळीस माणसांना दाखवू, नाही पटला तर सिनेमा कायमचा डब्यात, असं म्हणाला. खुशाल दाखव म्हटलं.

१५ मे
चाळीस आली. मध्यंतरानंतर तेरा उरली, त्यात एक माझी आई आणि एक दारावरचा माणूस. जिन्याच्या शॉटला मागून कुणीतरी म्हणालं, याला लिफ्ट लावून द्या. भाषणाच्या तिसऱ्या पानाला आई कानात म्हणाली, त्या पोराला खुर्ची तरी दे रे.
बाहेर आल्यावर निर्माता म्हणाला, पहिला ज्याने केला त्याला बोलवा. मी म्हटलं, मीच तो. तो माझ्या बायकोकडे बघत राहिला. अशा माणसांत काम करायचं म्हणजे किळस येते.

१६ मे
प्रेक्षकच नासलाय. निर्मात्याने शेवटचे दहा दिवस दिलेत. बायकोला विचारणार नाही. मरेन, पण विचारणार नाही.

१७ मे
विचारलं. ती म्हणाली, हात घालते, पण मधेमधे करायचं नाही. त्यापेक्षा घरातच नको म्हणे. दिवसभर आईकडे जाऊन बसतो.

२४ मे, संध्याकाळी पाच
झालं. किती उरलं विचारलं. अकरा मिनिटं. बाकीचं तीन वेळा वेगवेगळं लावून पाहिलं, कशाचा कशाला मेळ नाही म्हणाली. तरी म्हटलं, अकरा तर अकरा, पण अस्सल आहेत ना, माझ्या हातची. तिने चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाली, ते फ्लॅशबॅक आहेत. पहिल्या भागातले. मीच उचलून घातलेले.
दोघांनी खुर्च्या ओढून ती अकरा मिनिटं पाहिली. काही काढावंसं वाटलं नाही, काही घालावंसंही नाही. मी तिला म्हटलं, सुरेख केलंयस. सहा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. फार लाज वाटली.
निर्मात्याला फोन करून कळवलं, भाग दोन रद्द. मग धीर करून पहिला भाग खरा कुणी केला, तेही सांगितलं.
तो म्हणाला, ते सगळ्यांना माहीत आहे.